तुटक्या पात्याची गाडी

गाडी दाराशी येऊन थांबली तेव्हा सत्यवती मागच्या खोलीत कोथिंबीर निवडत होती, आणि पाहुणे परत जाईस्तोवर तिने तिथून हलायचं नाही असं ठरलेलं होतं. ठरवलं होतं तिच्या बापाने, डोमाजीने. आज धाकटीला, गीतांजलीला, पाहायला पाहुणे यायचे होते. अकोल्याच्या जठारपेठेतलं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत शेजाऱ्यांच्या खुर्च्या मांडलेल्या, भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलेलं, आणि मागच्या खोलीत नवऱ्याने परत धाडलेली थोरली मुलगी ठेवलेली. पाहुण्यांना सांगायचं होतं की थोरली वरूडला आपल्या घरी सुखात आहे. गल्लीला सांगून झालं होतं की ती उन्हाळ्याची माहेरपणाला आली आहे. हा तिच्या माहेरपणाचा दुसरा उन्हाळा होता, आणि मधला पावसाळा-हिवाळाही तिने इथेच काढला होता. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि गल्लीतल्या लोकांनाही आपापल्या मुठी होत्याच.

भारनियमनाची वेळ होती. कूलर बंद, पंखे बंद, अकोल्याच्या उन्हाने सगळी गल्ली गप्प केलेली. त्यामुळे बाहेर चावी फिरवल्याचंसुद्धा आत ऐकू आलं. इंजिन थांबलं. गाडीची दारं उघडली, लागली. माणसं घरात आली, डोमाजीचं 'या, या' झालं. आणि बाहेर, बंद गाडीच्या पोटात, पंखा फिरतच राहिला. खडखडत, अडखळत फिरला, मंदावला, आणि थांबता थांबता त्याचं पातं पत्र्याला लागत गेलं. टक. टक. टक. मग क्षणभर शांत, आणि पुन्हा एकदा अर्धवट घरघर.

सत्यवतीच्या हातातली जुडी हातातच राहिली. हा पंखा तिच्या ओळखीचा होता.

दुसरी कोणी असती तर तिला तो नुसता आवाज वाटला असता. पण डोमाजीच्या मुलींना गाडीचे आवाज बाराखडीसारखे शिकवलेले होते. डोमाजी एका जिनिंगच्या शेटचा ड्रायव्हर. सगळी उमर त्या स्टिअरिंगमागे गेली. गाडी बंद केल्यावर तो लगेच उतरत नसे. हात मांडीवर ठेवून ऐकत बसे. दुपारी शेट झोपले की तो गाडी घेऊन जेवायला घरी यायचा, आणि दोघी पोरी मागच्या सीटवर चढून बसायच्या. मग शाळा भरायची. हे टिकटिक वाजते ते सायलेन्सरचं लोखंड, तापून फुगलेलं असते, आता थंड होऊन आखडून राहिलं. त्याले भ्यायचं नाई. हे बुडबुड म्हणजे पानी परत येऊन राहिलं. फुसफुसलं तर मात्र पानी उकळलं, तिथून दूर व्हायचं. अन् हा पंखा बॅटरीवर फिरते, इंजिन मेलं तरी आतली आग विझेस्तोवर फिरते. शिकवून झालं की तो पोरींना डोळे मिटायला सांगायचा आणि रस्त्याने येऊन थांबलेली गाडी कोणाची ते ओळखायला लावायचा. चालताना सगळ्याच गाड्या सारख्या बोंबलतात, त्याचं म्हणणं असायचं, पण बंद झाल्यावर दोन गाड्यांचे पंखे एकसारखे वाजले असं कधी झालं नाही.

मग कापसाचे भाव पडले आणि पडलेच राहिले. जिनिंगच्या यंत्रांना काम उरलं नाही, शेटने एका हंगामात कुलूप लावलं, गाडी विकली, आणि डोमाजी पहिल्यांदाच घरी पायी आला. ते गल्लीने पाहिलं. नोकरी गेल्याचं त्याला जेवढं लागलं नाही तेवढं गल्लीने पाहिल्याचं लागलं. काही माणसांचा कणाच असा असतो की त्याला टेकायला चार लोकांचे डोळे लागतात.

ती वर्षं वऱ्हाडाला वाईट होती. बाहेरून गाड्या भरभरून माणसं येत, गावोगाव फोटो काढत, हळहळत आणि धूळ उडवून निघून जात. इकडे शेती करणाऱ्या पोराला पोरगी द्यायला कोणी राजी नव्हतं, आणि नोकरीवाले जावई झाडाला लागत नव्हते. तेव्हा शेतकऱ्यांची पोरं उसनं अवसान आणून मुली पाहायला निघायची. उसना बूट, उसनं घड्याळ, आणि ज्याला जमेल त्याची उसनी गाडी.

सत्यवतीला पाहायला वरूडचा भगवंत आला होता तो असाच, पांढऱ्या गाडीतून. त्या दिवशीही ती याच खोलीत होती, पण नेसून-सवरून, हातात चहाचा ट्रे घेऊन. बाहेर गाडी बंद झाली आणि पंखा असाच खडखडत फिरला, असाच टक टक करून थांबला. ती मनात हसली होती. गाडीवाल्याला सांगायला पाहिजे, पातं तुटलंय तुमचं, असं तिला वाटलं होतं. आता लग्न झाल्यावर आपणच सांगू, असंही वाटलं होतं. एवढं सुख तिने त्या आवाजातून काढलं होतं.

लग्न होऊन वरूडला गेली तर दारात गाडी नाही. सासू म्हणाली, सर्व्हिसिंगला गेली. गाडी महिनाभर सर्व्हिसिंगलाच राहिली, आणि मग सत्यवतीनेच विचारणं सोडलं. संत्र्याची बाग होती ती मात्र खोटी नव्हती. फक्त विहिरी तळाला गेल्या होत्या आणि झाडं उभ्याउभ्या वाळून सरपणाच्या वाटेला लागली होती. कामाला ती कधी भ्याली नाही. शेवटी एका नणंदेने हसत हसत सांगून टाकलं की गाडी अमरावतीच्या नबीभाईची, एका दिवसापुरती आणली होती. सत्यवतीने तेही गिळलं. गिळवलं नाही ते भगवंतला. ती गप्प बसली तरी त्याला टोमणा ऐकू यायचा. रस्त्याने कोणाची गाडी गेली आणि हिने मान वर केली की त्याचं डोकं फिरायचं. "गाडीचा सोस तं तुह्या बापाले होता," असं तो पिऊन बडबडायचा, आणि ती ते दारूचं बोलणं म्हणून सोडून द्यायची. मग एक दिवस त्याने तिला एसटीत बसवून दिलं. गाडी घेऊन ये, नाहीतर येऊच नको. ज्या घराने गाडी दाखवून मुलगी नेली, त्याच घराने मुलगी परत करून गाडी मागितली. जगात पुष्कळ प्रकारचे भामटे असतात, पण आपलंच खोटं दुसऱ्याच्या खर्चाने खरं करून मागणारे सत्यवतीने तिथेच पाहिले.

तिने खिडकीची फट थोडी रुंद केली. बाहेरची गाडी पांढरी नव्हती, तांबडी होती. पण रंग काय, हंगामाला बदलता येतो. पातं कोणी बदललं नव्हतं.

पुढच्या खोलीत गीतांजली बसली होती. तीही आता त्याच वाटेने जाणार, तिलाही कोणीतरी सर्व्हिसिंगची गोष्ट सांगणार, आणि एक दिवस तिलाही एसटीत बसवणार. मग या घरात मागची खोली दोघींना पुरणार नाही. हे लग्न जुळू द्यायचं नाही, सत्यवतीने तिथल्या तिथे ठरवलं. घरात सांगितलं की काम झालं, असं तिला वाटलं. बापाला एकदा कळलं की तो त्या लोकांना उठवून देईल. गाडीच्या बाबतीत त्याला कोण फसवणार?

डोमाजी पाण्याचे पेले न्यायला आत आला. शेटने दिलेला जुना सफारी त्याने चढवला होता आणि घामाने तो पाठीला चिकटला होता. सत्यवतीने त्याची बाही धरली.

"बाबा, हे तेच गाडी हाये. माह्या वक्ताची. रंग बदलला, पंखा तोच हाये."

डोमाजीने पेले ट्रेमध्ये लावले. तिच्याकडे पाहिलं नाही. हळू बोल, म्हणाला.

तिला वाटलं त्याला पटलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, पातं पत्र्याला लागतं, थांबल्यावर एकदा पुन्हा घरघरतं, तुम्हीच कान लावून ऐका. अमरावतीच्या नबीची गाडी आहे, हे लोकही तसेच आहेत, गीताला त्यात ढकलू नका. ती बोलत होती आणि डोमाजी पेल्यावरचा पाण्याचा थेंब अंगठ्याने पुसत होता.

"पंखे सगळ्याच गाड्याचे असे वाजते," तो म्हणाला. "तू तुह्या जागी बस."

आणि ट्रे उचलून गेला. तिची आई तानुबाई चुलीशी चहा गाळत होती. तिने सगळं ऐकलं होतं, पण तिने डोळ्यांना पदर लावला तो वाफेमुळे की कशामुळे, हे सांगायची तिला सवय नव्हती.

सत्यवती तशीच उभी राहिली. सगळे पंखे सारखे वाजतात! ज्याने त्यांना डोळे मिटून गाड्या ओळखायला शिकवलं तो हे बोलला होता. हे म्हणजे पुजाऱ्याने देवळात बसून देव नाही म्हणण्यासारखं झालं. तिला राग आला, पण रागाच्या खाली भीतीही होती, आणि कशाची ते तिला अजून कळलं नव्हतं.

पुढे बोलणी चालली होती. मुलगा जीवन, चांदूर बाजारकडचा, घरी भाजीपाला आणि फुलांची शेती. सोबत त्याचा मामा. शेवंतीचा भाव, अमरावतीचा बाजार, मामाच्या ओळखी, सगळं भिंतीतून ऐकू येत होतं. मुलगा थोडंच बोलत होता. तानुबाईने दारातून ट्रे दिला आणि गीतांजलीने चहा फिरवला, कपबशा वाजल्या. आणि तेवढ्यात बाहेर गाडीच्या बॉनेटखालून फुस्स करून आवाज आला आणि गल्लीतल्या फरशीवर पाणी ठिबकायला लागलं. मामा मोठ्याने म्हणाला की कालच सर्व्हिसिंग करून आणली आहे, आणि मग तितक्याच मोठ्याने जीवनला म्हणाला, जा, पाहून घे.

सर्व्हिसिंग हा शब्द सत्यवतीच्या कानात गेला आणि तिच्याच्याने बसवलं नाही. तिने पाण्याची कळशी उचलली, मागच्या दाराने बाहेर पडली आणि बोळातून फिरून गल्लीत आली.

जीवनने बॉनेट उघडलं होतं. हातात रुमाल गुंडाळून तो रेडिएटरच्या झाकणाला हात घालत होता.

"त्याले हात नोका लावू," ती म्हणाली. "तोंड भाजून घ्यान. फुसफुसनं थांबू द्या, मंग ते टिकटिक थांबू द्या, अन् मंग उघडा."

तो दचकून मागे सरला. पंचविशी उलटलेला, उन्हाने रापलेला, इस्त्रीच्या शर्टात अडकून पडल्यासारखा माणूस. तिला त्याने शेजारची कोणी बाई समजलं आणि आभार मानले. मग दोघं बॉनेटसमोर उभे राहिले, कारण गाडी थंड होईपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. सत्यवतीने त्याला सरळ विचारलं.

"अमरावतीच्या नबीची गाडी हाये न हे?"

त्याने दाराकडे पाहिलं. मग तिच्याकडे. आणि तिला वाटलं होतं तसा तो खोटं बोलला नाही. हो म्हणाला. हळू बोला म्हणाला, घरात मामा आहेत. तो गाडी शिकला तो ट्रॅक्टरवर, आणि मूर्तिजापूरपासून हिचा काटा वर चढला तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला लागला होता.

"आमाले तं बसनंच येनं होतं," तो म्हणाला. "पोरीच्या बापानं फोन केला. गाडी घेऊनच या म्हने, डायवर नोका आनू, सोता चालवत या, गल्लीत बरं दिसते. नबीचा नंबर बी त्यायनंच देल्ला."

सत्यवतीने कळशी खाली ठेवली.

जीवनला बोलायला माणूस मिळालं होतं. नबी म्हणत होता, गाडी मोठी पायगुणाची आहे, या घरची थोरली पोरगीही हिच्याच पायी उजवली. वरूडला दिली आहे म्हणतात, संत्र्याच्या बागेत, अगदी सुखात आहे. त्याने हे सगळं भाबडेपणाने सांगितलं, आणि प्रत्येक शब्द सत्यवतीच्या अंगावर उकळत्या पाण्यासारखा पडला. तिला फसवायला वरूडचे लोक आले नव्हते. त्यांना बोलावून, गाडी लावून देऊन, तिच्या बापाने तिला त्या गाडीपुढे उभं केलं होतं. भगवंत पिऊन बडबडत होता ते दारूचं बोलणं नव्हतंच. बाप म्हणाला गाडी पाहिजे म्हणून त्याने गाडी आणली, त्या दिवशी स्वतःच्या नजरेतून उतरला, आणि ते उतरणं त्याने पुढे तिच्याकडून वसूल केलं. म्हणून भगवंत चांगला ठरत नव्हता. पण इतके दिवस तिने ज्याच्या भाकरीला आधार म्हटलं होतं, तोही चांगला उरला नाही.

"ते थोरली मीच हाये," ती म्हणाली.

जीवनला आधी कळलंच नाही. मग त्याने तिच्या साध्या लुगड्याकडे, हाताला लागलेल्या कोथिंबिरीकडे पाहिलं.

"मंग तुमी बोळातून कावून आल्या जी?"

याला काय उत्तर द्यायचं? तिने खरं तेच दिलं. मला नवऱ्याने परत धाडलं. आज मला लपवून ठेवलं आहे. वरूडला सुखात आहे म्हणतात ती कोणी बाई नाहीच. हे तुम्हाला कळावं म्हणून आले, म्हणाली, कारण माझ्या बहिणीचं घर अशा पायावर नको.

जीवनने हाताला गुंडाळलेला रुमाल सोडला. मग म्हणाला की हे आधी सांगायला पाहिजे होतं. तो आत गेला, आणि माणूस भाबडा असला की होतं तेच झालं. त्याने मामाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

पुढच्या खोलीतला आवाज एकदम चढला. मामा खुर्चीवरून उठला. टाकलेली मुलगी घरात ठेवता आणि वरूडला नांदते म्हणून सांगता, मग धाकटीचं काय काय झाकलं असेल, आमचं घर काय रस्त्यावर पडलंय का. डोमाजी हात जोडून उभा. गाडीचं नाव मात्र कोणी काढलं नाही. मामाने काढलं नाही कारण गाडी त्याने आणली होती, आणि डोमाजीने काढलं नाही कारण गाडी त्याने मागवली होती. भाड्याची गाडी आपली म्हणून दाखवणं ही त्या दोघांच्या लेखी व्यवहारातली गोष्ट होती. मुलगी परत येणं हा मात्र गुन्हा, आणि तोही तिचाच, जिला परत धाडलं तिचा. सत्यवती हे गल्लीतून ऐकत होती. गाडीचं ऐकून हे लग्न मोडेल असं तिला वाटलं होतं, आणि मोडत होतं ते तिच्यामुळे.

मामा तणतणत बाहेर आला आणि गाडीत जाऊन बसला. पण रुसून निघालेल्या माणसाची फजिती म्हणजे गाडी अजून तापलेली. पाणी भरल्याशिवाय ती हलणार नव्हती, आणि थंड झाल्याशिवाय पाणी भरता येत नव्हतं. तेव्हा मामा आत घाम पुसत बसला, गल्लीतली दारं एकेक करून किलकिली झाली, आणि ज्या गल्लीला दाखवायला गाडी मागवली होती तिने ती पोटभर पाहून घेतली. शेवटी डोमाजीच बाहेर आला. सत्यवतीकडे न पाहता त्याने कळशी घेतली, मान तिरपी करून गाडीचं ऐकलं, टिकटिक संपल्याची खात्री केली, फडक्याने झाकण थोडं सैल केलं, वाफ जाऊ दिली आणि धार न सांडता पाणी भरलं. बॉनेट दोन्ही हातांनी अलगद लावलं. जीवन स्टिअरिंगवर बसला होता. त्याने एकदा दारात उभ्या गीतांजलीकडे पाहिलं, काही बोलणार होता, पण मामाने आतून 'चाल' म्हटलं आणि त्याने चावी फिरवली.

गाडी गेल्यावर डोमाजी पुढच्या खोलीत शेजाऱ्यांच्या खुर्चीवर बसला. सफारीची वरची गुंडी सोडली. सत्यवती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. आता कोणापासून लपायचं होतं?

"झालं समाधान?" त्याने विचारलं.

"गाडी तुमी मागवली," ती म्हणाली. "तवाही अन् आताही."

डोमाजीने नाही म्हटलं नाही. मोडलेल्या आवाजात, पण माघार न घेता, तो बोलत राहिला. गल्लीने त्याला शेटच्या गाडीतून येताना पाहिलं होतं. त्याच्या पोरीचा नवरा एसटी स्टँडवरून रिक्षाने आला असता तर लोक काय म्हणाले असते? आणि जो पोरगा एका दिवसासाठी का होईना गाडी उभी करू शकतो त्याच्यात काही धमक असेल, असंही त्याला वाटलं होतं. वरूडची बाग वाळलेली आहे हे त्याला कळलं ते नंतर. नंतर म्हणजे कधी, ते त्याने सांगितलं नाही. गाडी नसती तर पाहुणेच आले नसते, असं त्याचं शेवटचं म्हणणं होतं.

"नसते आले तं बरं झालं असतं, बाबा. मी याच घरात राह्यली असती. पन कोनाची टाकलेली नसती राह्यली."

डोमाजीने सफारीची गुंडी पुन्हा लावली. तो उठला, चपला घातल्या आणि उन्हात बाहेर पडला. तानुबाई दाराशी जाऊन त्याच्या पाठीकडे पाहत राहिली.

सत्यवतीच्या मनात कुठेतरी एक समाधान होतंच. निदान गीता वाचली. गीतांजली जमिनीवर बसून पायातले पैंजण काढत होती, आईचे, आजच्यापुरते घातलेले. सत्यवती तिच्याजवळ बसली आणि म्हणाली की तू मनाला लावून घेऊ नको. माझ्यासारखं तुझं होऊ नये म्हणून मी बोलले. ती गाडी त्याची नव्हती, नबीची होती.

"मले मालूम होतं," गीतांजली म्हणाली.

सत्यवतीने तिच्याकडे पाहिलं.

"मी काय बहिरी हाये, ताई? पाहुणे उंबरठ्यात येयाच्या आधी मी पंखा ओळखला."

"मंग तू बोलली कावून नाई?"

गीतांजलीने पैंजणाची कडी ओढली. ती घट्ट बसली होती, निघत नव्हती.

"कपबशी घेता घेता तो सोताच बोलला मले. हळूच. गाडी माही नाई, म्हने, तुमाले मालूम असावं. मले तेवढं पुरे होतं." कडी निघाली. तिने पैंजण आईच्या डबीत टाकलं. "मले गाडीसंग लगन करनं होतं का? मले विचारलं कोनं? बाबानं नाई विचारलं, अन् तूनंही नाई."

सत्यवतीने तिच्या पायाला हात लावला, दुसरं पैंजण काढून द्यावं म्हणून. गीतांजलीने पाय जवळ ओढून घेतला आणि ते आपलं आपण काढलं.